चित्रसंकलनाची पूर्वतयारी : आधी साठवण, मग संगणक

चित्रसंकलनासाठी संगणक घ्यावयाचे ठरले, की दुकानात पहिली चर्चा होते ती प्रोसेसरची. तो कितव्या पिढीतला, त्याचा वेग किती, जोडीला ग्राफिक्स कार्ड कोणते, याची तपशिलाने चौकशी होते. हार्ड डिस्कचा विषय मात्र ‘एक टेराबाइट पुरेल ना?’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. प्रत्यक्षात संकलनाचे काम रखडते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर, आणि कायमचे बुडते तेही त्याच प्रश्नावर. संथ संगणक बदलता येतो, मेमरी वाढविता येते, बिघडलेले सॉफ्टवेअर पुन्हा घालता येते. पण एकदाच घडलेल्या प्रसंगाचे चित्रण पुसले गेले, तर ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून या कामाची तयारी यंत्रापासून नव्हे, तर चित्रणाच्या वजनापासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

उदाहरणादाखल एक काम डोळ्यांसमोर ठेवता येईल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दशावतारी नाटकांवर एक तासाचा माहितीपट करावयाचा आहे. कार्तिक महिन्यापासून तळकोकणात आणि लगतच्या पेडणे भागात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्र-रात्र हे खेळ चालतात. दशावतारातील संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथानक ठरलेले असते. बोलणे नट उभ्याउभ्या रचतो. त्यामुळे एका रात्री रंगलेली राजा आणि नारदाची जुगलबंदी दुसऱ्या गावी तशीच्या तशी होत नाही. अशा सहा रात्री, दोन कॅमेऱ्यांनी, प्रत्येक रात्री पाच तास चित्रित केल्या, तर साठ तासांचे चित्रण जमा होते. रंगपट, प्रवास, वयस्क कलावंतांच्या मुलाखती यांचे आणखी वीस तास धरले, तर एकूण ऐंशी तास. एका तासाच्या माहितीपटासाठी ऐंशी तास ही उधळपट्टी नव्हे. माहितीपटाच्या व्यवसायात हे प्रमाण सर्रास आढळते.

वजनाचे गणित

हे ऐंशी तास किती जागा व्यापतील, हे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील एका आकड्यावरून काढता येते. तो आकडा म्हणजे दर सेकंदाला नोंदल्या जाणाऱ्या माहितीचा ओघ. आजच्या मध्यम किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांत ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदविता येते. येथे पहिली चूक होते ती बिट आणि बाइट यांच्या गोंधळात. ओघ बिटमध्ये सांगितला जातो आणि डिस्कची क्षमता बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० मेगाबिटचे साडेबारा मेगाबाइट झाले. त्याला तासाच्या ३६०० सेकंदांनी गुणले, की ४५ गिगाबाइट हे उत्तर येते. एक तासाला ४५ गिगाबाइट, तर ऐंशी तासांना ३६०० गिगाबाइट, अर्थात ३.६ टेराबाइट. या तुलनेत ध्वनीचे वजन नगण्य असते. स्वतंत्र ध्वनिमुद्रकावर चार वाहिन्या उत्तम दर्जाने नोंदविल्या, तरी तासाला दोन गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. ध्वनीच्या दर्जात काटकसर करणाऱ्याला म्हणूनच काहीही मिळत नाही.

ज्यांनी २००० च्या सुमारास मिनी-डीव्ही फितींवर काम केले, त्यांना हे आकडे अवाढव्य वाटतील. त्या फितीवरील एका तासाचे चित्रण संगणकात १३ गिगाबाइट जागा घेत असे. शिवाय त्या व्यवस्थेत एक मोठी सोय होती, जिची किंमत ती गेल्यावरच कळली. चित्रण संगणकात उतरवून झाल्यावरही मूळ फीत कपाटात शिल्लक राहत असे. डिस्क बिघडली, तर फीत पुन्हा लावून चित्रण उतरविण्याचा कंटाळवाणा का होईना, पण मार्ग होता. मेमरी कार्ड महाग असते आणि दुसऱ्या रात्री ते पुन्हा वापरावे लागते. ते पुसले, की डिस्कवर असलेली नक्कल हीच मूळ प्रत बनते.

आता ३.६ टेराबाइटसाठी चार टेराबाइटची डिस्क पुरेल, असे वाटणे साहजिक आहे. ही डिस्क विंडोजवर चालणाऱ्या संगणकाला जोडली, तर तिची क्षमता ३.६ टेराबाइटच्या आसपास दिसते आणि खरेदीदार दुकानदाराशी वाद घालू लागतो. त्यात फसवणूक नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत; ॲपलच्या संगणकांवर २००९ पासून हजाराच्याच पटीत मोजणी दाखविली जाते. तेव्हा चित्रण या डिस्कमध्ये मावेल, पण कसेबसे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बाहेरच्या वर्तुळांपासून भरत जाते आणि आतल्या वर्तुळांवर पोचेपर्यंत तिचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. काठोकाठ भरलेली डिस्क ही संथ डिस्क असते. त्यातच एखाद्या गावी सातवी रात्र चित्रित करण्याचा मोह होतोच. येथे सहा किंवा आठ टेराबाइटची डिस्क हे वाजवी उत्तर होय, आणि तीही एक नव्हे, तर तीन. तिसरी कशासाठी, ते पुढे येईलच.

अडखळणारे चित्र

चित्रण संगणकात आले आणि टाइमलाइनवर ठेवले, की नवशिक्या संकलकाला पहिला धक्का बसतो: चित्र अडखळत चालते. बहुतेकांना वाटते, डिस्क संथ आहे. गणित तसे सांगत नाही. १०० मेगाबिटच्या दोन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी चालविण्यासाठी सेकंदाला केवळ २५ मेगाबाइट वाचावे लागतात. साधी, खिशात मावणारी यूएसबी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वाचू शकते. दोष डिस्कचा नसून चित्रणाच्या बांधणीचा असतो.

एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत कॅमेरा प्रत्येक चौकट संपूर्ण नोंदवीत नाही. काही चौकटी पूर्ण असतात. मधल्या चौकटींत फक्त मागच्या-पुढच्या चौकटींपेक्षा काय बदलले, एवढेच टिपलेले असते. जागा वाचविण्यासाठी ही युक्ती नामी आहे. प्रेक्षक चित्रपट आरंभापासून सलग पाहतो, तेव्हा तिचा त्रासही होत नाही. संकलक मात्र पुढे जातो, मागे येतो, मध्येच थांबतो. त्याने एखाद्या चौकटीवर बोट ठेवले, की संगणकाला ती चौकट दाखविण्यासाठी आधीच्या कित्येक चौकटी उलगडाव्या लागतात. दोन कॅमेरे शेजारी ठेवले, की हे ओझे दुप्पट होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, संपूर्ण चित्रण संकलनास अनुकूल अशा प्रकारात रूपांतरित करणे. ॲपलची प्रोरेस किंवा ॲव्हिडची डीएनएक्स ही कुटुंबे त्यासाठीच जन्माला आली. त्यांत प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते आणि प्रोसेसरला श्रम पडत नाहीत. पण मग भार डिस्कवर येतो. ४के आकाराचे, सेकंदाला २५ चौकटींचे प्रोरेस ४२२ चित्रण तासाला सुमारे २२१ गिगाबाइट जागा घेते. ऐंशी तासांचे होतात पावणेअठरा टेराबाइट! दोन कॅमेरे एकत्र चालवायचे, तर सेकंदाला १२३ मेगाबाइट वाचावे लागतात आणि ती खिशातली डिस्क आता खरोखरच मान टाकते. कॅमेऱ्याने मूळचे जे तपशील नोंदविले नाहीत, ते या रूपांतराने मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. जागा पाचपट लागते. चित्र जसे होते तसेच राहते.

दुसरा उपाय प्रॉक्सीचा, म्हणजे बदली प्रतींचा. मूळ चित्रण जागचे न हलविता त्याच्या लहान आकाराच्या हलक्या प्रती तयार करावयाच्या, सारे संकलन त्यांवर करावयाचे आणि अखेरीस संगणकाने मूळ चित्रणाशी जोडणी करून अंतिम प्रत काढावयाची. १०८० आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सीला तासाला सुमारे १७ गिगाबाइट लागतात, म्हणजे ऐंशी तासांना १.३६ टेराबाइट. दुसरी सोय अशी, की बदली प्रती पुसल्या गेल्या तरी त्या पुन्हा तयार करता येतात. त्यांची राखण करण्याचे कारण नाही. हा विचार नवा नाही. ॲव्हिड कंपनीची संगणकीय संकलन यंत्रणा १९८९ साली बाजारात आली, तेव्हा डिस्क इतक्या तोकड्या होत्या, की धूसर चित्रावर कापाकापी करून मग मूळ फितीवरून अंतिम प्रत जुळविण्यावाचून गत्यंतर नव्हते. डिस्क मोठ्या झाल्या, तसे चित्रणही मोठे झाले, आणि संकलक फिरून त्याच जागी आला.

दशावताराच्या या माहितीपटासाठी निर्विवादपणे प्रॉक्सीचाच मार्ग योग्य ठरतो. मात्र त्यात एक पथ्य आहे. बदली प्रत आणि मूळ चित्रण यांची नावे, चौकटींचा दर आणि ध्वनीच्या वाहिन्यांची संख्या तंतोतंत एक असली पाहिजे. प्रॉक्सीत दोनच वाहिन्या घेतल्या आणि मूळ चित्रणात चार असल्या, तर शेवटच्या जोडणीच्या वेळी घोटाळा होतो, आणि तो नेमका अंतिम प्रत द्यावयाच्या आदल्या रात्री उघडकीस येतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाच मिनिटांचा तुकडा घेऊन कॅमेऱ्यापासून अंतिम प्रतीपर्यंतचा सारा प्रवास एकदा करून पाहावा. या एका तासाच्या खटाटोपाने पुढचे अनेक दिवस वाचतात.

कोणती वस्तू कोठे

एकाच डिस्कवर विंडोज, सॉफ्टवेअर, चित्रण, तात्पुरत्या फाइली आणि तयार प्रत हे सर्व कोंबले, की प्रत्येकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. किमान तीन स्वतंत्र जागा असाव्यात. संगणकाची प्रणाली आणि सॉफ्टवेअर एका एसएसडीवर. प्रॉक्सी, तात्पुरत्या फाइली आणि चालू काम दुसऱ्या वेगवान एसएसडीवर. मूळ चित्रण मोठ्या हार्ड डिस्कवर. संकलनाची सॉफ्टवेअर आपल्या तात्पुरत्या फाइली न सांगता पहिल्या डिस्कवर साठवीत जातात आणि काही आठवड्यांत ती भरून संगणक कुंथू लागतो. त्या फाइलींचे ठिकाण पसंतीच्या यादीत जाऊन बदलणे, हे नव्या संगणकावरचे पहिले काम समजावे.

वेगाचे अंदाजे मान ठाऊक असले, की खर्च कोठे करावा, हे कळते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची टेबलावरील हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट देते. साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते. मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडी हजारांच्या घरात जातात. पण प्रॉक्सीवर काम करणाऱ्याला सेकंदाला सात हजार मेगाबाइट वेगाच्या एसएसडीचा उपयोग जवळजवळ शून्य. त्या पैशांत एक जादा हार्ड डिस्क येते आणि तिचा उपयोग फार मोठा. स्वस्त एसएसडीबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांतल्या अनेकांचा वेष्टनावर छापलेला वेग पहिल्या काही गिगाबाइटपुरताच टिकतो. आतली वेगवान राखीव जागा भरली, की लिहिण्याचा वेग साध्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो.

हार्ड डिस्कमध्येही दोन जाती आहेत, आणि दुकानात त्या सहसा कोणी सांगत नाही. एका जातीत माहितीच्या रेषा एकमेकींना न शिवता शेजारी आखलेल्या असतात. दुसऱ्या जातीत त्या मंगलोरी कौलांप्रमाणे एकीवर एक चढविलेल्या असतात. कौलारू छपरातले मधले कौल बदलायचे, तर शेजारची उचलावी लागतात; तसेच या डिस्कवर मधली माहिती बदलताना शेजारच्या रेषाही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी अशी डिस्क चालते. रोजच्या कामासाठी किंवा अनेक डिस्कच्या रेडसाठी ती घेऊ नये. उत्पादकाच्या तपशीलपत्रकात सीएमआर किंवा एसएमआर अशी नोंद असते. त्यांपैकी एसएमआर म्हणजे ही कौलारू जात.

संगणकाविषयी आता थोडक्यात. ४केच्या कामासाठी ३२ गिगाबाइट मेमरी ही सुखाची पातळी होय. प्रॉक्सीवर १६ मध्येही निभावते. प्रोसेसर निवडताना त्याच्या वेगापेक्षा तो कॅमेऱ्याच्या चित्रणाचा प्रकार स्वतःच्या खास मंडलातून उलगडू शकतो काय, हे पाहावे. दहा बिट ४:२:२ या प्रकारच्या एच.२६५ चित्रणाची ही सोय अलीकडच्या इंटेल प्रोसेसरांत आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपमध्ये आहे; एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती २०२५ च्या पिढीबरोबर आली. त्याआधीचे महागडे कार्डही या एका बाबतीत स्वस्त प्रोसेसरपुढे हरते. सॉफ्टवेअरच्या निवडीवर विनाकारण भांडणे होतात. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही दूरचित्रवाणीच्या ४के आकारापर्यंतचे काम पुरे करते, आणि २००३ साली प्रदर्शित झालेल्या ‘कोल्ड माउंटन’ या हॉलिवूडपटाचे संकलन वॉल्टर मर्च यांनी दुकानात कोणालाही मिळणाऱ्या ॲपलच्या जी-४ संगणकांवर आणि फायनल कट प्रो या सॉफ्टवेअरवर केले होते, एवढे सांगितले तरी पुरे.

कार्ड पुसण्यापूर्वी

खरी परीक्षा होते ती पहाटे. खेळ संपतो, नट रंग उतरवू लागतात, आणि दोन कॅमेऱ्यांची मिळून चार-पाच कार्डे भरलेली असतात. त्या रात्रीचे दहा तासांचे चित्रण ४५० गिगाबाइटचे. जुन्या यूएसबी २.० कार्डवाचकावरून ते उतरविण्यास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, यूएसबी ३.० चा वाचक आणि बऱ्यापैकी कार्ड असेल, तर दीड तासाच्या आत काम होते. लॅपटॉपवर लाखभर रुपये खर्च करून शेदोनशे रुपयांचा जुना कार्डवाचक वापरणारे कमी नाहीत.

कार्डातील केवळ चित्रणाच्या फाइली निवडून घेणे ही आणखी एक सामान्य चूक. कॅमेरा कार्डावर जी फोल्डरांची उतरंड तयार करतो, तीत चित्रणाची वेळ, तुकड्यांची जोडणी, कॅमेऱ्याची मांडणी अशी माहिती विखुरलेली असते. लांबलचक चित्रण कॅमेरा अनेकदा चार-चार गिगाबाइटच्या तुकड्यांत तोडतो आणि ते अखंड जोडण्याची खूण याच उतरंडीत असते. म्हणून कार्ड जसेच्या तसे, संपूर्ण, दिनांक आणि कॅमेऱ्याचे नाव दिलेल्या स्वतंत्र फोल्डरात उतरवावे. एकच कार्ड दोनदा वापरले, तर आतील फाइलींची नावेही पुन्हा तीच येऊ शकतात. स्वतंत्र फोल्डर नसेल, तर आजची फाइल कालच्या फाइलीवर बसते.

नक्कल झाली, म्हणजे ती बरोबर झाली असे नव्हे. नक्कल पडताळणारी सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलीवरून एक गणिती ठसा काढतात आणि मूळ व नक्कल यांचे ठसे ताडून पाहतात. एक बिट जरी बदलला, तरी ठसा बदलतो. व्यावसायिक चित्रीकरणात यासाठी खास सॉफ्टवेअर असतात. विंडोजवर टेराकॉपीसारखे साधे साधनही हे काम करते. दोन वेगवेगळ्या डिस्कवर पडताळलेल्या दोन नकला झाल्याशिवाय कार्ड पुसावयाचे नाही, हा नियम चहाच्या घाईत, एसटीच्या वेळेत आणि डोळ्यांवर आलेल्या झोपेतही मोडता कामा नये. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत घालून प्रवास केला, तर मात्र त्या दोन नाहीत, एकच आहे असे समजावे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसृत केलेला ३-२-१ हा नियम याच अनुभवाचे सूत्र आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक वेगळ्या ठिकाणी. तिसऱ्या डिस्कचे कारण हेच. तिसऱ्या प्रतीचा हट्ट कशासाठी, याचे सर्वांत बोलके उदाहरण पिक्सार या संस्थेत १९९८ साली घडले. ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या आणि यंत्रणा बंद करेपर्यंत सुमारे ९० टक्के काम नाहीसे झाले होते. राखीव प्रती होत्या. पण त्या नीट घेतल्या जात नसल्याचे तेव्हाच उमगले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. तान्ह्या मुलामुळे त्या घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक बरीचशी ताजी प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून कार्यालयात आणण्यात आला. एवढ्या मोठ्या संस्थेची राखीव यंत्रणा आणि तिची रखवाली करणारे तंत्रज्ञ हरले. कामी आली ती वेगळ्या छपराखालची प्रत. राखीव प्रत उघडून पाहिलेली नसेल, तर ती आहे असे धरून चालता येत नाही, हेही या घटनेने दाखवून दिले.

वेगळ्या ठिकाणाचे महत्त्व मुंबईकरांना समजावून सांगण्याची गरज नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरच्या असंख्य घरांतील, कार्यालयांतील संगणक पाण्याखाली गेले. तेथे एका टेबलावर दोन प्रती असत्या काय आणि चार असत्या काय, फरक पडला नसता. तिसरी डिस्क भावाकडे, मित्राकडे, दुसऱ्या गावी, वरच्या मजल्यावर, कोठेही चालेल. फक्त याच घरात नको. इंटरनेटवरील साठवणीचा पर्याय अनेकांना सुचतो. तो उत्तम आहे, पण त्याचेही गणित करून पाहावे. सेकंदाला ५० मेगाबिट दराने माहिती वर चढविणारी जोडणी अखंड चालली, तर ३.६ टेराबाइटला १६० तास, म्हणजे साडेसहा दिवसांहून अधिक काळ लागतो. प्रकल्पाच्या लहान फाइलींसाठी मात्र हा मार्ग अगदी सोयीचा आहे.

रेडविषयीचा एक गैरसमजही येथेच दूर व्हावयास हवा. अनेक डिस्क एकत्र बांधून एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू ठेवण्याची ही व्यवस्था आहे. ती काम थांबू देत नाही. पण संकलकाने चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी जाते. रेड ही राखीव प्रत नव्हे. त्यातही ‘शून्य’ प्रकारच्या रेडमध्ये तर केवळ वेगासाठी माहिती दोन डिस्कवर वाटलेली असते आणि एक गेली, की दोन्हींवरचे सारे जाते. एकट्याने काम करणाऱ्याला रेडची गरज सहसा नसते. दोन-तीन संकलक एकाच चित्रणावर काम करणार असतील, तर तिचा विचार करावा. अशा वेळी जाळ्याचा वेगही पाहावा लागतो, कारण घरातील साधे गिगाबिट जाळे सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास थांबते.

विजेची बाब वेगळी सांगावयास हवी. टेबलावरील संगणकाला यूपीएस नसेल, तर डिस्कवरील सर्व गुंतवणूक वीज मंडळाच्या मर्जीवर राहते. विंडोज आणि ॲपल या दोन्हींवर चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट पद्धतीने सज्ज केली जाते. ही पद्धत सोयीची खरी, पण लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली किंवा तार उपटली, तर तिची अनुक्रमणिका बिघडण्याचा धोका अधिक असतो. ज्याचे सर्व काम एकाच प्रकारच्या संगणकावर होते, त्याने त्या संगणकाची मूळ पद्धतच वापरावी.

काम संपल्यावर

चित्रण सुरक्षित आहे आणि संकलनच हरवले, असेही घडते. ऐंशी तासांतून एक तास निवडण्याचे जे तीन-चार महिन्यांचे श्रम, ते प्रकल्पाच्या फाइलीत साठवलेले असतात, आणि तिचा आकार काही मेगाबाइटपलीकडे सहसा जात नाही. प्रीमियर प्रो ही फाइल सांगाल तेथे ठेवते. रिझॉल्व्ह मात्र प्रकल्प स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते, चित्रणाच्या फोल्डरात नव्हे. चित्रणाच्या डिस्कची नक्कल निष्ठेने घेणाऱ्या, पण हे ठाऊक नसलेल्या माणसाचा संगणक बिघडला, तर त्याच्या हाती फक्त न कापलेले चित्रण उरते. दररोज काम उरकताना प्रकल्प निर्यात करून, नावात दिनांक घालून, तो ईमेलने स्वतःलाच पाठविला, तरी हा धोका टळतो.

माहितीपट पूर्ण झाल्यावर प्रॉक्सी आणि तात्पुरत्या फाइली बिनदिक्कत पुसाव्यात. मूळ चित्रण, ध्वनी, प्रकल्पाची फाइल, वापरलेले टंक आणि चित्रे, आणि अंतिम प्रत उच्च दर्जात, एवढे ठेवावे. दीर्घकाळासाठी एसएसडीवर विसंबू नये. वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातील माहिती टिकेल, याची हमी देता येत नाही. हार्ड डिस्क त्याहून बरी, पण तीही वर्षातून एकदा जोडून, फिरवून आणि गणिती ठसे पुन्हा पडताळून पाहावी. कोकणातील दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे इष्ट. संस्थांसाठी एलटीओ फीत हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या एका फितीत १८ टेराबाइट माहिती बसते. फीत स्वस्त, पण ती वाचणारे यंत्र महाग, त्यामुळे एकट्या माणसाला ते परवडणे अवघड आहे.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांच्या कित्येक फिती जळून गेल्या. त्या फितींची नक्कल करणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. आज सहा रात्रींच्या दशावताराची संपूर्ण नक्कल एका डिस्कच्या किमतीत, एका दिवसात होते. ती करावयाची, तर डिस्कवर चिकटपट्टी लावून प्रकल्पाचे नाव, दिनांक आणि ‘प्रत ३’ असे लिहावे, आत काय आहे त्याची यादी एका कागदावर छापून डब्यात ठेवावी, आणि डबा कोणाकडे दिला आहे, ते घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.